म्यानातून काढलेली फ्लॉपी

वृषाली भिंगारदिवेला साखर कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. काट्यावरचे लोक तिला कॉम्प्युटरबाई म्हणत, गेटवरचा वॉचमन मशिनवाल्या म्याडम म्हणे, आणि शेतकी अधिकारी काकासाहेब नुसतंच 'बाई' म्हणत. काकासाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव, त्यामुळे जन्मल्यापासून त्यांना फुकटचा मान मिळत आलेला. त्यांच्या 'बाई'चे तीन प्रकार होते. "बाई, चहा झाला का" हा पहिला. "बाई, यादी काढा" हा दुसरा. तिसरा म्हणजे नुसतं "बाई…" आणि पुढे काहीच नाही, फक्त चष्म्याच्या वरून बघणं. अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात तिच्या वाट्याला रोज तिसरा येत होता.

कारण मागच्या हंगामातली यादी. कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा नंतर, हे लागणीच्या तारखेवरून ठरतं. ती यादी कॉम्प्युटर काढायचा. प्रोग्राम पुण्याच्या प्रवीणनं लिहिलेला, आणि त्यातल्या चुका दुरुस्त करणारी इथं वृषाली. दोघं एकाच फाइलवर काम करत, तो पुण्यात, ती नगरपासून एसटीनं सव्वा तासावरच्या कारखान्यात. डिसेंबरात प्रवीण आला, आपली नवी फाइल तिच्या फाइलवर टाकली, चहा प्याला आणि गेला. तिच्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या. अठरा महिन्यांचा ऊस तुरे येऊन रानात वाळत उभा, आणि नऊ महिन्यांचा कोवळा गाळपाला गव्हाणीत. झुंबरबाई नावाची एक म्हातारी उसाचं वाळलेलं टिपरू घेऊन थेट ऑफिसात आली आणि तिनं ते कीबोर्डवर आडवं ठेवलं. "घे," ती म्हणाली, "सांग तुझ्या मशिनीला चावून बघायला."

वृषाली म्हणाली होती, साहेब, हे मी केलं नाही.

"मग काय उंदरानं केलं का, बाई?" काकासाहेब म्हणाले होते.

कुणी कुठली ओळ कधी बदलली याचा पुरावा कुठंच नव्हता. पुरावा म्हणून तिच्याकडे काय, तर फाइलींची नावं. तोडणी१, तोडणी२, तोडनवी, तोडनवी२, शेवट, शेवट२, खराशेवट. ही खराशेवटसुद्धा शेवटची नव्हती.

वृषाली नगरजवळच्या भिंगारची. वडील कॅन्टोन्मेंटच्या वर्कशॉपात फिटर होते. ते लेकीला सांगायचे, हत्यार वापरलं की पुसून जागेवर ठेवायचं, म्हणजे दुसऱ्यानं उचललं तर आपल्याला कळतं. नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम करून ती इथं हंगामी म्हणून लागली त्याला आता चौथं वर्ष. दर सप्टेंबरला नवा कागद, दर एप्रिलला घरी. यंदा कागद देताना काकासाहेबांनी तो टेबलावर बोटानं दाबून धरला आणि म्हणाले, "यंदा यादी हुकली तर मशीन गोडावनात, यादी आमच्या वहीत, आन् तुमी भिंगारला. आमी काय वाईट म्हनून सांगत न्हाई. आदी सांगतो."

तिनं उन्हाळाभर घरी कागदावर एकेचाळीस दुरुस्त्या केल्या होत्या आणि आल्याबरोबर मशीनवर चढवल्या होत्या. त्या प्रवीणच्या फाइलमध्ये गेल्या तर यादी बरोबर. न गेल्या तर मागचाच तमाशा.

दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी प्रवीणचा फोन आला. प्रवीण माणूस वाईट नव्हता, पण तो बोलायला लागला की समोरचा आपोआप इंटर्न होई.

"अगं, सिंपल आहे. मी इथं माझ्या मशीनवर सीव्हीएस टाकलंय. म्हणजे एक कॉमन कपाट समज. तू तुझी कॉपी काढायची, बदल करायचे, परत ठेवायची. मी पण तेच. दोघांचं ते आपलं आपण जुळवून घेतं. कोणी कोणाचं पुसत नाही. आणि कोणी कुठली ओळ कधी बदलली, नावासकट राहतं."

"नावासकट?" वृषालीनं विचारलं.

"हो ना. बेसिकली तोच तर पॉइंट आहे."

फोनची दोरी तिच्या हातात घट्ट गुंडाळली गेली होती. "मग मला काय करावं लागेल?"

"तुझ्या बाजूचा क्लायंट लागेल, म्हणजे हे कपाट उघडणारा प्रोग्राम. विंडोजवर चालणारा, कमांड लाइनचा. फ्री आहे, नेटवर आहे. माझ्याकडे लिनक्सचा आहे, तो तुला चालणार नाही, तूच शोध. आणि ऐक, मी कोकणात चाललोय. मशीन चालू ठेवतोय, मोडेमनं फोन लाव, आत शीर. सोमवारी दहाला मी येणार आणि तेव्हा कपाटात जे असेल त्याचीच फायनल काढणार. फ्लॉपी घेणार नाही, कागद घेणार नाही. गेल्या वर्षीचं पुन्हा नको. क्लिअर?"

'क्लिअर' म्हटल्यावर उत्तराची वाट न बघता फोन ठेवायची त्याची पद्धत होती.

कारखान्यात मोडेम होता, पण इंटरनेट नव्हतं. मंगळवारी वृषाली रजा टाकून नगरला गेली. तिथं सावेडीत गोरक्षनाथ नावाच्या एकानं झेरॉक्सच्या दुकानामागं पडदा लावून एक मशीन ठेवलं होतं, बाहेर पाटी: 'इंटरनेट चालू आहे'. गोरक्षनाथ त्या मशीनजवळ हळू बोले, जसं काही आत कुणी आजारी झोपलंय.

"काय पायजे ताई? ईमेल का रिझल्ट?"

"सीव्हीएस."

"कंपनी हाय का ती?"

तिनं टाइप केलं. पहिल्यांदा निघालं अमेरिकेतलं औषधांचं दुकान. गोरक्षनाथ म्हणाला, "खोकल्याचं घेता का मग, एवढं आलाच हात तर." तिला हसू आलं नाही. तासाभरानं एका साध्या पानावर, चित्र नाही, रंग नाही, नुसत्या निळ्या ओळी, तिला हवं ते सापडलं. विंडोजसाठी, फुकट, एका फ्लॉपीत मावेल एवढं. आकडा एक-एक टक्क्यानं चढायला लागला. त्र्याऐंशीवर लाइन गेली. दुसऱ्यांदा एकसष्टला गेली. तिसऱ्यांदा गोरक्षनाथनं झेरॉक्सचं मशीन बंद ठेवलं, शेजारच्या केशकर्तनालयाला, लाइन दोघांत एकच म्हणून, सांगितलं की फोन उचलायचा नाही, आणि स्वतः दोन्ही हात जोडून उभा राहिला. शंभर.

तिनं एकाच्या जागी दोन फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं. फ्लॉपी दगा देते हे चार वर्षांत शिकली होती.

बुधवारी खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. कारखान्यात बॉयलरच्या कामासाठी वीज बंद. मशीन लागेना. दुसऱ्या दिवशी दसरा, भिंगारच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम, आणि आईला तिनं शब्द दिला होता की यंदा मी असेन. दोन्ही फ्लॉप्या टेबलाच्या खणात, रुमालात गुंडाळून, नीट ठेवल्या. खणाला कुलूप नव्हतं आणि तिला त्याची गरजही वाटली नाही. शुक्रवारी दोन ऑक्टोबरची सुट्टी असली तरी शेतकी खातं चालू राहणार होतं, तेव्हा येऊन बसवायचं. दुपारच्या एसटीनं ती गेली.

शुक्रवारी सकाळी तिनं खण ओढला. रुमाल उलगडलेला होता, आणि दोन्ही फ्लॉप्यांवर झेंडूची एकेक पाकळी.

तिला वाटलं, बरं झालं, वरूनच आहे. पाकळी काढली, पहिली फ्लॉपी मशीनमध्ये घातली. आतून खरखर आली, पिठाच्या गिरणीत खडा सापडल्यासारखी. पडद्यावर आलं: डेटा एरर. ॲबॉर्ट, रिट्राय, फेल?

फ्लॉपी बाहेर काढून तिनं पत्र्याची पट्टी सरकवली. आतली काळी तबकडी हळदीनं पिवळी होती. मधोमध कुंकवाचा टिळा, ओला लावून वाळलेला.

दुसरी. तीही तशीच.

"मावशी," तिनं हाक मारली.

साळूबाई ऑफिसची झाडलोट करी, चहा आणी, आणि कुणाच्या टेबलावर काय हरवलंय ते मालकाच्या आधी तिला ठाऊक असे. ती पदराला हात पुसत आली. चेहऱ्यावर कौतुक करवून घ्यायची तयारी.

"बघितलंस का? पुजली तुझी बी."

"मावशी, ही उघडली कुणी?"

"मीच की. कुनी का उघडंल?"

"पण आत कशाला लावलं? वरून लावायचं."

साळूबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू शिकल्यासवरल्या माणसानं हे विचारावंच कसं. "म्यानात ठिवून तलवार पुजत्यात व्हय? काढूनच पुजत्यात. मी ती पत्र्याची सरकवली तर आत हे काळं चकचकीत पातं. म्हनलं, ह्यो खरा जीव."

वृषाली खुर्चीत बसली.

"काकासाएब म्हनले, बाईचं राहू द्या, त्यांच्यात न्हाईत करत." साळूबाई पुढे बोलतच होती. "मी म्हनलं, करत नसतील त्यांच्या घरी. हितं सगळ्यांची हत्यारं पुजली. मोजनीची साखळी पुजली, टाइपरायटर पुजला, त्या जीपला तर नारळ फोडला. आन् माझ्या लेकराचं तेवढं कोरडं ठिवू? दोन होत्या म्हनून दोनीला लावलं. येकीला लावून दुसरीला न्हाई, हे बरं दिसत न्हाई."

यावर रागावायचं कसं, ते वृषालीला कळेना. रागावणं जमलं असतं तर निदान रडू आलं नसतं.

"मावशी, नोकरी गेली माझी," ती एवढंच म्हणाली.

साळूबाईनं झेंडूच्या पाकळ्या टेबलावरून गोळा केल्या.

वृषालीनं काकासाहेबांच्या टेबलावरून सावेडीला फोन लावला. वाजत राहिला. शेवटी केशकर्तनालयातल्यानं उचलला. "गोरक्षशेठ वणीला गेलेत देवीला. समदं घर गेलंय. सोमवारी संध्याकाळी येतील." कॉलेजात फोन लावला. दसऱ्याची सुट्टी. प्रवीणच्या घरी लावला. कोकणात कुठं, ते त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. "समुद्राकडे गेलाय हो," त्या म्हणाल्या. समुद्राला फोन लावता येत नाही.

शनिवारी सकाळी ती टेबलाशी नुसती बसून होती. तिच्यासमोर सोमवारचे दहा होते आणि त्याच्या पलीकडे एसटीचा भिंगारला जाणारा रस्ता. साळूबाईनं चहा ठेवला, तो तसाच गार झाला. तिनं दुसरा आणला.

"धुऊन काढते मी," साळूबाई म्हणाली. "हळदच हाय ना. चांदीचे देवाचे टाक किती उजळले म्या, एकाला ओरखडा न्हाई."

"पाण्यानं जाणार नाही ती. हळद आहे, मावशी. जन्मात जात नाही."

असं म्हणतानाच तिला कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलेलं आठवलं, की फ्लॉपीची तबकडी काढून स्पिरिटनं पुसता येते. तेव्हा वर्ग हसला होता. कोण करतंय एवढं, दुसरी घ्यावी. आता दुसरी नव्हती. स्पिरिट मात्र होतं. साखर कारखान्यात दुसरं काही नसलं तरी स्पिरिट असतं.

साळूबाईला घेऊन ती प्रयोगशाळेत गेली. तिथं आदिनाथ नावाचा केमिस्ट होता. तो प्रत्येक गोष्ट टक्क्यांत सांगे. आजचा उकाडाही.

"पंच्याण्णव टक्के आहे," बाटली देताना तो म्हणाला. "कशाला हवंय? पिणार असाल तर शून्य टक्के मिळेल."

"फ्लॉपी धुवायचीय."

त्यानं दोघींकडे पाहिलं आणि कापूसही दिला. मग आपणही मागं आला, कारण हे त्याला बघायचं होतं.

पहिली फ्लॉपी वृषालीनं ब्लेडनं उघडली. ब्लेड घसरलं, तबकडीला कडेपासून आत चीर गेली. आदिनाथ हळूच म्हणाला, "पन्नास टक्के उरले."

"दे हिकडं," साळूबाई म्हणाली.

तिनं दुसरी फ्लॉपी मांडीवर घेतली, नखानं शिवण शोधली आणि शेंग सोलावी तशी सोलली. तबकडी दोन बोटांत कडेला धरली. कापूस स्पिरिटात बुडवला, पिळला, आणि मधून बाहेर, मधून बाहेर, असा फिरवत राहिली. कापूस पिवळा झाला, दुसरा घेतला. तो गुलाबी झाला, तिसरा. ती पुटपुटत होती. कुणाला तरी सांगत होती की माझी चूक हाय, हिच्यावर नको काढू. वृषालीला ते ऐकू येत होतं आणि ऐकलं नाही असं तिनं दाखवलं. तोवर तिनं काडीला कापूस गुंडाळून मशीनच्या फटीत घातला, कारण हळद तिथंही गेली होती.

एका जुन्या फ्लॉपीचं अंग रिकामं करून त्यात ती तबकडी बसवली. चार ठिकाणी चिकटपट्टी. मशीनमध्ये घातली.

खरखर. डेटा एरर. ॲबॉर्ट, रिट्राय, फेल?

वृषालीनं रिट्राय दाबलं. पुन्हा तेच. पुन्हा रिट्राय. सहावं, सातवं. तिनं मोजणं सोडलं. आदिनाथनं टक्के सांगणं सोडलं. साळूबाई भिंतीला टेकून उभी, तिच्या बोटांना अजून पिवळेपण. दुपार सरली, मशीनचा दिवा लुकलुकत राहिला. मग एकदा खरखर झाली आणि त्या खरखरीमागून एक साधा आवाज आला, पातळ, नेहमीचा, फ्लॉपी वाचतानाचा.

'वन फाइल कॉपीड.'

वृषालीनं कपाळ टेबलाला टेकवलं.

"बसलं का?" साळूबाईनं विचारलं.

बसलं नव्हतं. उलगडून पाहिलं तर ना खिडकी, ना बटण, ना चित्र. दोनदा टिचकी मारली की काळा चौकोन उघडे आणि डोळा लवायच्या आत मिटे. पंधरा मिनिटं ती समजत होती की फाइल अर्धीच आली. मग लक्षात आलं, कमांड लाइनचा म्हणजे हेच. याला बोलवायचं नाही, याला लिहून सांगायचं. तिनं काळ्या पडद्यावर त्याचा रस्ता लिहिला, नाव लिहिलं. ते जागं झालं आणि म्हणालं, घर सापडत नाही.

"काय म्हनतंय?"

"घराचा पत्ता विचारतंय. कुठं राहायचं ते."

"भिंगारचा दे की," साळूबाई म्हणाली.

वृषालीनं डिस्कवर एक नवं फोल्डर केलं, त्याचं नाव खरंच भिंगार ठेवलं, आणि तेच घर म्हणून सांगितलं. ते गप्प झालं. आता फोन लाइन हवी होती.

बाहेरगावचा फोन एकच, काकासाहेबांच्या टेबलावर. रविवारी सकाळपासून ते तोडणीच्या टोळ्यांच्या मुकादमांना फोन करत होते. वृषाली मोडेमची वायर हातात धरून दारात उभी राहिली.

"साहेब, लाइन हवी. तासभर."

"बाई…" तिसरा प्रकार.

"उद्या दहाच्या आत माझं काम पुण्याला गेलं नाही तर यादी मागच्यासारखी निघेल."

काकासाहेबांनी फोनवर हात ठेवला. "ह्या नव्या भानगडीनं काय हुनार?"

"कोणी काय बदललं ते नावासकट राहणार."

काकासाहेबांनी तिच्या हातातल्या वायरकडे पाहिलं. मग म्हणाले, "मागच्या साली कुनी केलं, ते बी निघंल?"

हो म्हणायला जीभ उचलली होती. हो म्हटलं असतं तर लाइन लगेच मिळाली असती. "नाही साहेब," ती म्हणाली. "मागचं नाही निघणार. आत्तापासूनचं."

"मागचं न्हाई व्हय," काकासाहेब म्हणाले. पण त्यांनी रिसीव्हर ठेवला, खुर्ची सरकवली, आणि वायरकडे हात केला.

पहिल्यांदा पुणे एंगेज. दुसऱ्यांदा लागलं, आत शिरली, कपाटातली प्रत काढली, आणि लाइन कटली. तिसऱ्यांदा तिच्या एकेचाळीस दुरुस्त्या प्रवीणच्या फाइलशी जुळायला लागल्या. चाळीस जुळल्या. एका ठिकाणी ते अडलं. तिथं दोघांनीही एकच ओळ बदलली होती, आणि क्लायंटनं दोन्ही ओळी खाली-वर ठेवल्या होत्या, दोन भावकीतल्यांना पंचांसमोर बसवावं तशा. प्रवीणची ओळ म्हणत होती, क्रम नोंदीच्या तारखेनं. तिची म्हणत होती, लागणीच्या तारखेनं.

मागच्या वर्षी पुसली गेली ती हीच.

"साहेब," तिनं विचारलं, "ऊस नोंदला कधी, त्यावर पिकतो का लावला कधी, त्यावर?"

"ह्ये काय इचारनं झालं? लावल्यावर."

तिनं प्रवीणची ओळ काढली, कपाटात परत ठेव म्हणून कमिट लिहिलं, एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर ओळी सरकल्या आणि थांबल्या. मग तिनं नोंद मागवली. नवा क्रमांक, चार ऑक्टोबर, वेळ, आणि नाव.

काकासाहेब चष्मा सावरून वाकले. इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवत एकेक जोडत गेले. "वृ… षा… ली." मग तिच्याकडे पाहिलं. "हे तुमचं नाव हाय व्हय?"

"हो साहेब."

"चार वर्सं झाली," ते म्हणाले, आणि मुकादमाला फोन लावायला बसले.

सोमवारी सव्वादहाला पुण्याहून फोन आला. "अगं, तू माझी ओळ उडवलीस?"

"उडवली," वृषाली म्हणाली. "खाली नाव आहे."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. "ओके. फायनल काढतो मग," प्रवीण म्हणाला, आणि पहिल्यांदाच 'क्लिअर' न म्हणता फोन ठेवला.

यादी बरोबर निघेल का, ते हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडल्यावर कळणार होतं. नोकरीचंही तेच. वृषालीनं ती चिकटपट्टीची फ्लॉपी रुमालात गुंडाळली आणि खणात ठेवली. साळूबाई झाडू घेऊन दारात उभी होती, आत येऊ का नको अशी.

"पुढल्या खंडेनवमीला," ती म्हणाली, "तुझं वगळू का मग?"

"वगळू नका, मावशी. पण म्यानातच राहू द्या. वर एक फूल ठेवा."

"येकच? दोन असल्या तर?"

"तर दोन," वृषाली म्हणाली.